दुसऱ्या खाटेचा आराखडा

दिघी, जिल्हा कुलाबा
५ नोव्हेंबर १९६४

तळानिवासिनी, बंधुगृहभूषण, भूतपूर्व सहायक स्टेशनमास्तर (अवैतनिक) श्रीमती राहीबाई यांचे सेवेशी,

निम्नस्वाक्षरीकार मोरेश्वर, सेवानिवृत्त स्टेशनमास्तर आणि आपला अद्यापि विधिवत् पती, आपणास सादर निवेदन करतो की तो जिवंत आहे. तीन वर्षांच्या पत्रविरामानंतर हे हस्ताक्षर पाहून आपण प्रथम दचकाल आणि नंतर पत्र चुलीत घालाल. तत्पूर्वी मधला मजकूर वाचावा. तो उपयुक्त आहे.

दिघीचे हे घर मी सोडीत आहे. कारण सर्वथा स्थापत्यशास्त्रीय आहे. कौले गळतात आणि माजघराचा वासा कुजला आहे. याहून निराळे कारण आपल्या कानी आल्यास ती गोदूबाईची कल्पनाशक्ती समजावी. गोदूबाई म्हणजे आपल्या प्रस्थानानंतर भांडी आणि केर यांसाठी नियुक्त झालेली विदुषी. ती माझ्याविषयी गावभर बोलते आणि तिचा भाऊ दिघीच्या धक्क्यावर असल्यामुळे तिचे मत खाडीपलीकडेही पोचते.

पालीस, बल्लाळेश्वराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, एका न्यासाने निवृत्तांसाठी 'वानप्रस्थसदन' उभारले आहे. नाव ऐकून वल्कले परिधान करावी लागतील अशी मला भीती होती. परंतु व्यवस्थापक रावजी यांनी धोतर चालेल असे कृपापूर्वक कळविले. प्रत्येकास एक खाट, एक खुंटी आणि भिंतीलगत एक लांब फळी मिळते. एका खोलीत दोन खाटा असतात.

आता मुख्य विषय. आपल्या लोहमार्गाचे काय करावे?

या किनाऱ्यावर सरकारला आगगाडी आणणे जमले नाही. ती उणीव आपण उभयतांनी बिस्किटांच्या डब्यांचा पत्रा कापून दूर केली. ओटीवरचे 'सागरपूर' माझे, स्वयंपाकघरातले 'चूलगाव' आपले, आणि मध्ये माजघराचे विस्तीर्ण मैदान. मुंबईहून आणलेले किल्लीचे इंजिन, त्यामागे तीन डबे, मालाची एक वाघीण. हे साम्राज्य आता एका फळीवर बसवायचे आहे. मैदान गेले, पूल गेला, पाटाखालचा बोगदाही गेला. उरतात दोन स्थानके आणि त्यांच्यामधला एकेरी मार्ग. आराखड्यात मी एक स्थानक एका खाटेच्या उशाशी आणि दुसरे दुसऱ्या खाटेच्या उशाशी योजले आहे.

येथे एक तांत्रिक प्रश्न उद्भवतो. घाटातल्या त्या एकाकी स्थानकात आपण अर्धे आयुष्य काढल्यामुळे नियम आपणास मुखोद्गत आहे : एकेरी मार्गावर एका स्टेशनमास्तराने घंटेने विचारावे, दुसऱ्याने घंटेनेच लाइन क्लिअर द्यावी, मगच गाडी सुटावी. एकच मनुष्य दोन्हीकडे धावून स्वतःच स्वतःस अनुमती देऊ लागला तर त्यास रेल्वे म्हणत नाहीत, राज्यकारभार म्हणतात. म्हणून आपण गेल्यापासून येथे एकही गाडी सुटलेली नाही. रुळांवर गोदूबाई मिरच्या वाळवते.

सबब, दुसऱ्या खाटेवर कोण असावे हे निश्चित करणे प्राप्त आहे. रावजींस वर्षअखेरीपूर्वी नाव हवे आहे. मी केवळ आराखड्याच्या परिपूर्णतेसाठी विचारीत आहे.

सिग्नलचे हात आणि लाल-हिरवे दिवे मी वगळले आहेत. सर्व व्यवहार घंटेने होईल. कारण सौंदर्यशास्त्रीय आहे.

आपला,
मोरेश्वर

ता. क. अक्षर मोठे व ओळी उतरत्या वाटल्यास तो दोष टाकाचा समजावा.


दिघी
२४ नोव्हेंबर १९६४

श्रीमती राहीबाई यांसी,

आपले कार्ड पावले. एवढ्या अल्प शब्दांत एवढा अपमान बसविण्याची कला आपण तळ्यास भावाच्या घरी संपादन केली असावी. दिघीस असताना ती नव्हती. आपण लिहिता :

"पत्र पोचले. वासा मी जाण्याआधीच बदलला होता. सिग्नल का काढता? कार्यमुक्तीचा लेखी हुकूम माझ्या पेटीत आहे. लेखी हुकूम तोंडी रद्द होत नाही, हे तुम्हीच शिकवलेत. राही."

क्रमशः उत्तरे.

वाशाविषयी : नवा वासाही नश्वरच असतो.

हुकुमाविषयी : वस्तुस्थिती अभिलेखावर असावी. आपल्या भावाची, अनंताची, पत्नी वारली, त्याच्या घरी भाकरी थापायला कोणी उरले नाही, तेव्हा आपण भाताचे आधण चढवीत विचारलेत, "भावाकडे जाऊ का थोडे दिवस?" या प्रश्नास 'जा' आणि 'जाऊ नकोस' अशी दोनच उत्तरे संभवतात असा सामान्य समज आहे. मी तिसरे उत्तर शोधले. 'चूलगाव-स्थानक-पदभारात् कार्यमुक्तिः' या मथळ्याचा आदेश लिहून त्यावर लाखेची मोहोर उठविली आणि तो पोळपाटावर ठेवला. तो वाचून आपण हसाल अशी शासनाची अपेक्षा होती. आपण तो दुमडलात, पेटीत घातलात आणि संध्याकाळची होडी धरलीत. रेल्वेच्या माणसाची बायको लेखी हुकूम पाळते, हे मला ज्ञात असायला हवे होते असे आपले म्हणणे असेल. माझे म्हणणे असे की ज्या हुकुमात 'पोळीभाजनविभाग' हा शब्द येतो तो हुकूम पाळायचा नसतो.

रद्द करण्यासंबंधी : उचित नमुना उपलब्ध नाही. शोध चालू आहे.

सिग्नलविषयी : कारण मागील पत्रात दिले आहे.

आता गोदूबाईच्या उद्धटपणाचे एक उदाहरण देतो, म्हणजे तिच्या निरोपांवर किती विश्वास ठेवावा ते आपणास कळेल. परवा सकाळी ओटीवर एक मांजर दबा धरून बसले होते. मी त्यास शुकशुक केले. ते हलेना. काठी आपटली, तरी हलेना. तेवढ्यात ही बाई आतून येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मास्तर, मांजर न्हाय त्ये. माजी केराची पाटी हाय. शुकशुक करून ती काय उठून जानार हाय?"

"मी पाटीचीच परीक्षा घेत होतो," मी म्हणालो.

"व्हय, व्हय. काल खांबाची घेतलीत, कपाळाला टेंगूळ हाय अजून."

अशा स्त्रीच्या साक्षीवर आपण काही निष्कर्ष काढणार नाही अशी आशा आहे. तिचा धक्क्यावरचा भाऊ आगरदांड्याच्या फेरीवर असतो हे ठाऊक होते, तो तळ्याच्या बाजारालाही जातो हे मला आज समजले. वास्तविक हे मला आधी समजायला हवे होते.

आराखड्यात एक सुधारणा केली आहे. दोन्ही स्थानकांच्या घंटा वेगळ्या आवाजाच्या असतील : माझी सायकलची, आपली (म्हणजे दुसऱ्या खाटेची) काशाच्या वाटीची. रूळ बदलणाऱ्या सांध्यांच्या दांड्यांना सुताची गाठ मारून ठेवली आहे, म्हणजे बोटांस कोणता सांधा ते कळेल. रुळांच्या कडेला वाळूचा कागद चिकटविला आहे. हे सर्व फार देखणे झाले आहे, असे गोदूबाई म्हणते.

मोरेश्वर


दिघी
९ डिसेंबर १९६४

श्रीमती राहीबाई यांसी,

आपले दुसरे कार्ड. मजकूर एक ओळ : "डोळे कोणाला दाखवलेत?"

डोळे मी सर्वांना दाखवितो. ते चेहऱ्यावर पुढेच असतात.

या महिन्यात अलिबागेस जाणे झाले. तेथे एका नेत्रवैद्याशी हवापाण्यावर चर्चा झाली. त्याने माझ्या बुबुळात बॅटरी मारून एका व्याधीचे नाव उच्चारले. त्या नावात पुरेशी जोडाक्षरे नसल्यामुळे ते स्मरणात ठेवण्यायोग्य वाटले नाही. थेंब दिले आहेत. ते झोंबतात. इतके या विषयावर पुरे.

परवा विजेरीसाठी सुक्या बॅटऱ्या आणायला आगरदांड्यास निघालो. फेरीची होडी धक्क्यास लागली होती, भरतीचे पाणी चढत होते, मासळीच्या टोपल्या उतरत होत्या. मी माझ्या सवयीच्या गांभीर्याने पाऊल उचलले आणि एका अशा फळीवर ठेवले जी, नंतर कळले, त्या क्षणी अस्तित्वात नव्हती. होडीवरचा हिरामण, गोदूबाईचा भाऊ, याने माझी बंडी मागून धरली नसती तर मी धक्का आणि होडी यांच्यामधल्या फटीत गेलो असतो, आणि पुढच्या लाटेने होडी धक्क्यावर आपटली असती. ती आपटली. मी वर होतो.

"मास्तर! पाय कुठं टाकताव? तिथं फळी न्हाय, पानी हाय!"

"मला पाण्याची खोली पाहायची होती," मी म्हणालो.

त्याने बंडी सोडली नाही. हळूच म्हणाला, "मास्तर, माज्याकडं बघा. हं. मी कंच्या हातानं धरलंय तुमाला?"

मी सांगितले. चुकले.  मला होडीत न घेता माघारी घराच्या पायरीपर्यंत हिरामणने पोचविले आणि काही बोलला नाही. आपल्या कोंकणी माणसाने न बोलणे हे किती भयंकर असते ते आपण जाणता. तेव्हापासून मी धक्क्याकडे गेलेलो नाही. बॅटऱ्याही राहिल्या.

दुसरे संकट प्रशासकीय आहे. रावजी कळवितात की दुसऱ्या खाटेसाठी विठोबा नावाचे एक निवृत्त तलाठी प्रतीक्षेत आहेत. वर्षअखेरीपर्यंत माझ्याकडून नाव न आल्यास खाट त्यांची. तलाठी सज्जन आहेत, परंतु घोरतात असे रावजी स्वतःहून लिहितात. ज्या मनुष्याने जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या त्यास लाइन क्लिअर म्हणजे काय हे समजावीत मी माझे उर्वरित आयुष्य काढावे अशी आपली इच्छा आहे काय? मी घंटा वाजवीन आणि तो म्हणेल, "काय हो, जेवणाची झाली का?"

अनंताच्या मुलाचे लग्न झाल्याचे हिरामणकडून कळले. घरात सून आली म्हणजे आता भाकऱ्या थापायला दोन हात अधिक झाले. मी यातून काहीही सूचित करीत नाही. दोन बायका एका चुलीपाशी कशा राहतात याविषयी मला केवळ शास्त्रीय कुतूहल आहे.

आराखडा सोबत पाठवीत आहे. दुसऱ्या खाटेचे स्थानक रेघांनी दाखविले आहे. त्यास अद्याप नाव दिलेले नाही.

मोरेश्वर


दिघी
२१ डिसेंबर १९६४

राही,

"तुमचे पत्र अनंताने घरात मोठ्याने वाचले. सगळे हसले. मी हसले नाही. पुढचे पत्र दोन ओळींहून मोठे असेल तर उघडणार नाही." हे कार्ड हिरामणकडून दोनदा वाचून घेतले. या ओळी तुझ्या, माझ्या दोनात धरू नकोस.

कार्यमुक्तीचा हुकूम रद्द.
मला दिसत नाही. तू ये.

मोरेश्वर


दिघी
३१ डिसेंबर १९६४

राही,

तुझे पत्र. पत्रच म्हणतो, कारण कार्डाच्या दोन्ही बाजू भरल्या आहेत. गोदूबाईने त्याचा एकेक शब्द बोट ठेवून लावला, कारण तिला वाचता येते हे तिने तीन वर्षे माझ्यापासून लपविले होते. तू लिहितेस :

"पालीस जाऊन आले. एस. टी.ने गेले, एकटी. रावजींना भेटले. तुम्ही नियम वाचलेले नाहीत. सदनात नवरा-बायकोला एका खोलीत ठेवीत नाहीत, वानप्रस्थ म्हणून. पुरुषांची ओळ पुढे, बायकांची मागे, पाठीला पाठ. म्हणून मी येते आहे. तुमच्या मागची खोली मागून घेतली. दुसरी खाट तलाठ्यांना द्या. भिंत दीड हात जाड आहे, ती राहू दे. तिच्यात रुळांपुरते भोक पाडायचे, ते मी बघते."

हे पत्र ऐकून मी ओटीवर जाऊन बसलो. गोदूबाई म्हणाली, "बाय येतंय ना? मग तोंड असं का?"

"ती भिंतीसाठी येते आहे," मी म्हणालो.

"कशासाठी का येवंना."

आराखडा मुळापासून चुकला होता. मी दोन खाटांचा लोहमार्ग काढीत बसलो आणि ज्या सदनात जायचे त्याची नियमावली उशाखाली होती. ती बारीक टाइपात छापलेली आहे, एवढेच माझ्या बाजूने म्हणता येईल. आता मार्ग उशापासून उशापर्यंत जाणार नाही, फळीवरून भिंतीत आणि भिंतीतून तुझ्या फळीवर. भिंत दीड हात जाड आहे असे तू लिहिलेस. म्हणजे इंजिन आत गेल्यावर ना माझ्या हाती, ना तुझ्या. किल्ली पुरेल का? मध्येच थांबले तर कोण काढील? आत उंदीर, चुन्याचा खडा, काहीही असू शकते. आणि रावजी भिंत फोडू देतील हे तू इतके निश्चित कसे धरतेस?

घर आवरतो आहे. पूल गोदूबाईस दिला. ती त्यावर काकड्या ठेवते. मैदानाच्या फळ्या जळणात गेल्या. डबे हाताने चाचपून गुंडाळले. एका डब्याच्या खिडकीत तू रंगविलेली एक बाई आहे, डोक्यावर पदर. तिचा पदर कोणत्या रंगाचा होता? मला आठवावे लागते आहे, आणि आठवत नाही. उत्तर दिलेस तर बरे होईल.

आजच रावजींस तलाठ्यांचे नाव कळवितो.

मोरेश्वर


पाली, वानप्रस्थसदन
पुरुषांची ओळ, शेवटची खोली
१७ जानेवारी १९६५

राही,

तू भिंतीपलीकडे आहेस आणि तुझा खोकला मला ऐकू येतो, तरी तुला लेखीच हवे. म्हणून हा कागद काठीला लावून भोकातून सरकवीत आहे. विठोबा तलाठी शेजारी बसून ओळ सरळ जाते का ते पाहत आहेत. ते घोरतात हे खरे, परंतु जागेपणी अत्यंत सभ्य आहेत.

प्रथम अभिलेख. भोकासंबंधी काल रावजी जे म्हणाले आणि तू जे म्हणालीस ते मी खिडकीखाली उभा राहून ऐकले.

"अहो बाई, सदनाची भिंत आहे. नियमात भोक बसत नाही."

"भोक पाडू नये असं कुठं लिहिलंय, ते दाखवा. लेखी असेल तर मी माघारी जाते."

रावजींनी नियमावली दोनदा चाळली. मग गवंडी बोलावला. नियम आणि मोहोर यांचा उपयोग कसा करावा हे माझ्याहून तू अधिक चांगले जाणतेस, ही गोष्ट मी येथे सही करून मान्य करतो.

आज दुपारी चुना वाळला. मी घंटेने विचारले. तू काशाच्या वाटीने लाइन क्लिअर दिलीस. मी किल्ली भरली, इंजिन बोटांनी रुळांवर बसविले, सोडले. तीन वर्षांनी चाकांचा आवाज ऐकला. तो भिंतीत शिरला, घुमला, लहान झाला, आणि थांबला.

तुझ्याकडून 'गाडी पोचली'ची घंटा आली नाही.

मी वाट पाहिली. गाडी भिंतीत अडकली असेल, उलटली असेल, आपला सगळा लोहमार्ग पहिल्याच फेरीत संपला असेल, असे मनात आले. भोकात हात घातला. चुन्याशिवाय काही लागेना. विठोबा वाकून पाहून म्हणाले, "आत काही नाही, मास्तर. आरपार उजेड आहे." मला तो उजेड दिसला नाही. शेवटी मी भोकाला तोंड लावून ओरडलो. बायकांच्या ओळीला पुरुषाने हाक मारू नये असा नियम आहे, तो मोडला.

"राही, गाडी कुठे आहे?"

"माझ्या हातात."

"रुळावर ठेव. पोचल्याची घंटा दे. हा नियमभंग आहे."

"आधी सांगा, अलिबागचा डॉक्टर काय म्हणाला?"

मी सांगू लागलो. नेत्रगोलांतर्गत द्रवाचा भार, दृष्टिक्षेत्राचा क्रमाक्रमाने संकोच, असे बरेच उत्तम शब्द वापरले.  तुझ्याकडून चाक फिरल्याचा आवाज येईना. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले, अधिक चांगले सांगितले. शेवटी विठोबा खाटेवरून म्हणाले, "अहो मास्तर, सांगून टाका की सरळ. बाई तिकडे उभ्या आहेत कधीच्या."

तर सरळ.

डॉक्टर म्हणाला, उजवा डोळा गेला. डावाही जाईल. कधी, ते त्याला सांगता येत नाही. थेंब घातले तर थोडा उशिरा.

डाव्याने मला खिडकी दिसते. सकाळी तू त्या खिडकीशी येऊन उभी होतीस असे विठोबांनी मागाहून सांगितले. मला खिडकी दिसली. तू दिसली नाहीस.

मला फार भीती वाटते.

आता गाडी सोड.

मोरेश्वर